तबकडीचें मुखचित्र आणि गाणाऱ्याचें नांव

गाणें हें कानांनीं ऐकावयाचें. मग तें ज्या कागदी वेष्टनांत घालून येतें त्याची चर्चा कशास हवी, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. परंतु नाटकास जशी नांदी, ग्रंथास जसें मुखपृष्ठ, तसें तबकडीस तिचें वेष्टन होय. दुकानांत तबकडी ऐकण्यापूर्वीं ती पाहिली जात असे, आणि घरीं आणल्यावर गाणें चालू असेपर्यंत तें वेष्टन या हातांतून त्या हातांत फिरत असे. ज्या घरीं ग्रामोफोन होता त्या घरच्या मुलांस कित्येक गायकांची पहिली ओळख कानांइतकीच डोळ्यांनीं झालेली आहे. तेव्हां निरनिराळ्या संगीतप्रकारांच्या वेष्टनांवर काय काय काढलेलें असे, याची तुलना हा केवळ चित्रकलेचा विषय नव्हे. समाज कोणत्या गाण्यांत कोणास मान देतो, याचाहि तो आरसा आहे. ही तुलना करतांना आम्ही एकच प्रश्न हातीं धरणार आहों. मुखचित्रावर मुख कोणाचें आहे?

उघड्या तबकडीचा काळ

आरंभीं वेष्टनास चित्रच नव्हतें. १९०२ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या तबकड्या तेव्हां जर्मनींतील हॅनोव्हर येथें तयार होत. ठशावर उमटलेला आवाज कोणाचा हें तेथील कारागिरांस कळावें म्हणून गाणें संपतांना कलावंतानें आपलें नांव स्वतःच सांगावें अशी वहिवाट पडली. गौहरजान यांनीं आपलें नांव इंग्रजींत ठसक्यानें उच्चारलें. तें आजहि त्या तबकड्यांवर ऐकूं येतें. चित्र नव्हतें, वेष्टनावर छापलेली माहिती नव्हती; म्हणून त्या कलावतीनें आपलें नांव आपल्याच कंठानें तबकडींत कोरून ठेविलें. एका शतकापूर्वींची ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

त्या काळचें पाकीट म्हणजे साधा जाड कागद आणि मधोमध वाटोळें भोंक. भोंकांतून तबकडीच्या मधली चकती दिसे आणि सारी चित्रकला त्या चकतीवरच असे. प्रथम तेथें तबकडीवर लेखणीनें लिहीत बसलेला पंखधारी देवदूत होता. पुढें त्याची जागा जगप्रसिद्ध कुत्र्यानें घेतली. या कुत्र्याची कथा बोधप्रद आहे. त्याचें नांव निपर. तो १८९५ सालीं मेला. त्यानंतर फ्रान्सिस बॅरॉड नांवाच्या इंग्रज चित्रकारानें त्याचें चित्र काढलें. त्यांत निपर एडिसनच्या धर्तीच्या नळकांड्याच्या यंत्रापुढें कान देऊन बसला होता. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीनें तें चित्र विकत घेण्याचें मान्य केलें, परंतु जुनें यंत्र पुसून तेथें आपला ग्रामोफोन काढावा या अटीवर. बॅरॉडनें तसें केलें. मूळ चित्र निरखून पाहिल्यास रंगाच्या थराखालीं पहिल्या यंत्राची खूण अजून दिसते, असें सांगतात. चित्रांत काय दिसावें हें गाण्यापेक्षां व्यापार ठरवितो, हा धडा तबकडीच्या इतिहासांत असा अगदीं पहिल्याच पानावर आहे.

तथापि त्या कुत्र्याच्या राज्यांत एक प्रकारची समता होती. अभंग असो, नाट्यपद असो कीं लावणी असो, कुत्रा तोच! बालगंधर्वांच्या पदावर आणि एखाद्या अपरिचित गायिकेच्या भावगीतावर चित्रांत भेद नव्हता. भेद होता तो चकतीवर छापलेल्या नांवांत. गाणारा कोण, पद कोणत्या नाटकांतील, राग कोणता, हें तेथें वाचावयास मिळे. चेहरा पाहावयाचा तर कंपनीच्या नव्या तबकड्यांच्या यादींत पाहावा लागे. या याद्यांतून कलावंतांचीं छायाचित्रें व गाण्यांचे शब्दहि छापले जात, आणि घरांतील मुली त्यावरून पदें पाठ करीत.

वेष्टनास चित्र कधीं आलें

एका तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेंच गाणें मावे. मोठी रचना असली कीं अनेक तबकड्या एका पुठ्ठ्याच्या वहींत बांधून विकीत. ही वही छायाचित्रांच्या संग्रहासारखी दिसे, म्हणून तिला ‘अल्बम’ म्हणूं लागले, आणि तो शब्द आजतागायत टिकला. त्या वह्यांचे पुठ्ठे करड्या रंगाचे व निर्जीव असत. १९४० च्या सुमारास अमेरिकेंतील कोलंबिया कंपनींत ॲलेक्स स्टाइनवाइस या विशी ओलांडलेल्या तरुणानें त्यांवर चित्रें छापण्याची कल्पना काढली. रॉजर्स आणि हार्ट या जोडीच्या गाण्यांच्या संग्रहावर त्यानें नाट्यगृहाच्या दर्शनी फलकाचें, दिव्यांच्या अक्षरांचें चित्र घातलें. १९४८ सालीं त्याच कंपनीनें मिनिटास ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेणारी बारा इंची दीर्घवादन तबकडी बाजारांत आणली, आणि चित्रकारास बारा इंची चौरस अंगण मोकळें झालें. आपल्याकडे पुढच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्यांतून अशा तबकड्या निघूं लागल्या. आमच्या तुलनेस खरा आरंभ येथून होतो.

आपल्याकडील तऱ्हा

प्रथम अभिजात संगीत घेऊं. पंडित भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व यांच्या तबकड्या ज्यांनीं हाताळल्या असतील त्यांस आठवेल कीं येथें मुखचित्रावर बहुधा खुद्द कलावंतच असतो. कधीं तंबोऱ्याच्या खुंट्या दिसतात, कधीं आलापांत मिटलेले डोळे. शेजारीं रागाचें नांव. पाठीवर ताल, लय, चीज आणि साथीदारांचीं नांवें. स्वतः भावगीतगायक असलेले जी. एन्. जोशी हे १९३८ पासून ‘हिज् मास्टर्स व्हॉइस’च्या मुंबई शाखेंत ध्वनिमुद्रणाचें काम पाहत. मैफलीपुरतें जगणारें किती तरी गाणें त्यांच्यासारख्यांच्या खटपटीनें तबकडींत उतरलें, आणि गवयाचा चेहरा मध्यमवर्गीय घराच्या कपाटांत जाऊन बसला. ज्या गवयास एके काळीं संस्थानिकाच्या दरबारांत खालीं मान घालून उभें राहावें लागे, त्याचें पूर्ण आकाराचें छायाचित्र बैठकीच्या खोलींत यावें, हें लहान स्थित्यंतर नव्हे.

याच वर्गांतील दुसरी तऱ्हा म्हणजे लघुचित्रें. रागास मूर्तिमंत कल्पून त्याचें ध्यान करण्याची आपली रीत जुनी आहे. सोमनाथाच्या १६०९ सालच्या ‘रागविबोध’ ग्रंथांत रागांचीं अशीं ध्यानें दिलेलीं आहेत, आणि दख्खनेंत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून रागमालेचीं चित्रें काढलीं गेलीं. तबकडीच्या वेष्टनावर एखादी रागिणी वीणा घेऊन वृक्षाखालीं उभी दिसली, तर ती शोभेकरितां आलेली उपरी बाई नव्हे. ती त्या घरचीच आहे. येथें मुख ना गायकाचें ना देवाचें. तें रागाचेंच आहे.

भक्तिसंगीतांत गायक मागें सरतो. पंढरीचा विठोबा, पालखी, वीणाधारी संत हे पुढें येतात. येथें गायकानें आपला चेहरा न दाखविणें हें विषयास धरूनच आहे. अभंगाच्या अखेरीस मुद्रा संताची असते, गाणाऱ्याची नव्हे. तरी बाजारानें येथेंहि हळूहळू तडजोड केली, आणि पुष्कळ वेष्टनांवर वर देव व खालीं गायक अशी मांडणी रूढ झाली. आमच्या मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस उत्तन-चौकच्या किनाऱ्यावर कोळ्यांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या गीतांच्या वेष्टनांवर होडी, शीड आणि समुद्र हेच नायक. तेथें व्यक्तीपेक्षां वस्तीचें चित्र मोठें.

लावणीची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. वेष्टनावर पायांत चाळ बांधलेली, नऊवारी नेसलेली नर्तकी असावयाची, हा ठरीव संकेत. परंतु जिच्या आवाजानें महाराष्ट्राच्या घराघरांत लावणी नेली त्या सुलोचना चव्हाण स्वतः डोक्यावरून पदर घेऊन, एका जागीं उभ्या राहून गात. त्यांस २०२२ सालीं पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत त्या निवर्तल्या. वेष्टनावरची नर्तकी आणि ध्वनिक्षेपकापुढची गृहिणी या दोन मूर्ति ताडून पाहिल्या म्हणजे कळतें कीं चित्र गाण्याविषयीं बोलतें, गाणारीविषयीं बोलतेंच असें नाहीं.

आवाज एकाचा, मुख दुसऱ्याचें

हें अंतर सर्वांत अधिक बोंचतें तें चित्रपटसंगीतांत. चित्रपटांच्या तबकड्यांचीं वेष्टनें म्हणजे बहुतेक जाहिरातीच्या भित्तिपत्रकांचीच लहान आवृत्ति. ती कला मोठी होती यांत शंका नाहीं, आणि तिच्यांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे. नाटकांचे पडदे रंगविणारे कोल्हापूरचे बाबुराव पेंटर यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या बोलपटापूर्वींच्या चित्राचें भित्तिपत्रक, हें आपल्याकडील उपलब्ध चित्रपट-भित्तिपत्रकांत सर्वांत जुनें मानतात. पुढच्या काळांत जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या दिवाकर करकरे यांनीं ‘दीवार’ (१९७५) आणि ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) यांचीं भित्तिपत्रकें केलीं. सुरीनें थापलेले रंग, क्रोधानें किंवा प्रेमानें पेटलेले चेहरे. परंतु ते चेहरे नटनटींचे. ज्यांनीं गाणें गायिलें त्यांचें मुख तेथें नसे.

नांवाची कथा तर याहून जुनी आहे. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटांतील गाण्यांनीं लता मंगेशकर यांची कीर्ति देशभर गेली. पण मूळ तबकडीच्या चकतीवर गायिकेचें नांव छापलें होतें ‘कामिनी’! कामिनी हें मधुबालेनें वठविलेल्या पात्राचें नांव. गाणें पडद्यावरचें पात्र गातें, तेव्हां तबकडीवरहि पात्राचेंच नांव, असा त्या काळचा न्याय. श्रोत्यांनीं आकाशवाणीकडे चौकशी केली कीं ही गाणारी कोण, आणि कंपनीकडून उत्तर आल्यावर तें नांव प्रसृत झालें. १९०२ सालीं गौहरजान यांनीं आपलें नांव तबकडींत उच्चारून ठेविलें होतें. सत्तेचाळीस वर्षांनंतर तंत्र पुष्कळ पुढें गेलें, आणि गायिकेचें नांव मात्र मागें पडलें. पुढें गायकांच्या निवडक गाण्यांचे संग्रह निघूं लागले तेव्हां त्यांचे चेहरे वेष्टनावर आले. पण तें श्रोत्यांच्या प्रेमानें आणि गायकांच्या आग्रहानें आले, आपोआप नव्हे. आमच्या शहरांत दहिसरच्या सीमेजवळ आज लताबाईंच्या नांवाचें नाट्यगृह उभें आहे. त्यावरून जातांना, हें नांव एके काळीं तबकडीवर छापावयाचें राहिलें होतें, हें नव्या पिढीस सांगण्यासारखें आहे.

पाश्चात्यांकडील रीत

आतां समुद्रापलीकडे पाहूं. तेथील जाझ संगीतांत न्यूयॉर्कच्या ‘ब्लू नोट’ कंपनीचीं वेष्टनें नमुन्यादाखल गणतात. फ्रान्सिस वुल्फ यांनीं ध्वनिमुद्रण चालू असतां टिपलेलीं कृष्णधवल छायाचित्रें आणि रीड माइल्स यांची अक्षररचना, इतकेंच त्यांचें भांडवल. घामानें चमकणारें कपाळ, वाद्यावरचीं बोटें, आणि नाचत असल्यासारखीं अक्षरें. मौज अशी कीं माइल्स यांस स्वतः जाझची फारशी गोडी नव्हती. त्यांचा ओढा पाश्चात्य अभिजात संगीताकडे. तरी त्या वेष्टनांत कृष्णवर्णीय वादकांस जी प्रतिष्ठा मिळाली, ती त्या काळीं त्यांच्याच देशाच्या रस्त्यावर त्यांस मिळत नव्हती. आपल्या गवयांच्या छायाचित्रांशीं या वेष्टनांचें सख्ख्या भावंडांचें नातें आहे.

रॉक संगीताची तऱ्हा उलट. तेथें कलावंत आपलें नांव आणि मुख बुद्ध्या लपवितो. १९६८ सालीं बीटल्स या मंडळीनें एक संग्रह निव्वळ पांढऱ्या वेष्टनांत काढला. नांव काय तें उठावाच्या अक्षरांत. पिंक फ्लॉइड यांच्या १९७३ सालच्या प्रसिद्ध संग्रहावर काळ्या पार्श्वभूमीवर कांचेचा लोलक आणि त्यांतून फुटणारा प्रकाश आहे; पुढच्या बाजूस ना गायकाचें नांव ना गाण्याचें. न्यूटनचा प्रयोग शाळेंत शिकलेल्या मुलानें रंग मोजले तर ते सातांऐवजीं सहाच भरतील, पारवा गाळला आहे! जॉय डिव्हिजन यांच्या १९७९ सालच्या संग्रहावर नुसत्या डोंगररांगांसारख्या पांढऱ्या रेषा आहेत. त्या १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसलीन बेल यांस प्रथम आढळलेल्या स्पंदक ताऱ्याच्या लहरींच्या आलेखावरून घेतल्या आहेत. हीं वेष्टनें म्हणजे कोडीं होत. परंतु येथें एक भेद विसरूं नये. नांव आपण होऊन टाकणें आणि नांव दुसऱ्यानें गाळणें यांत आकाशपाताळाचें अंतर आहे. ज्याचें नांव सर्वतोमुखीं झालें आहे त्यासच तें टाकणें शोभतें. पिंक फ्लॉइडचें नाममौन हा विलास होता. ‘कामिनी’च्या तबकडीवरचें मौन हा अन्याय होता.

या पाश्चात्य वेष्टनांत आपणहि अनेकदां सांपडतों. बीटल्सांच्या १९६७ सालच्या ‘सार्जंट पेपर’ या संग्रहावर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनीं जगांतील नामांकितांची दाटी मांडली होती. तींत महात्मा गांधींची प्रतिमाहि होती. पण हिंदुस्थानांत रोष होईल आणि तेथें विक्री अडेल या भीतीनें कंपनीच्या प्रमुखानें ती काढावयास लाविली. जॉर्ज हॅरिसन यांनीं निवडलेले परमहंस योगानंदादि चार योगी मात्र राहिले. त्याच वर्षीं जिमी हेंड्रिक्स या वादकाच्या संग्रहावर विराट् विश्वरूपाचें आपल्या बाजारांतील रंगीत चित्र घेऊन त्यांतील मुखांच्या जागीं त्याचें व त्याच्या साथीदारांचें मुख घालण्यात आलें. खुद्द हेंड्रिक्स यास तें रुचलें नाहीं. त्याच्या पूर्वजांत अमेरिकेचे मूळ रहिवासी होते, आणि त्या ‘इंडियन’ वारशाचें कांहीं चित्रांत असावें अशी त्याची अपेक्षा होती. २०१४ सालीं मलेशियानें त्या वेष्टनावर बंदी घातली. १९९७ सालीं एरोस्मिथ मंडळीनें कालियामर्दनाचें चित्र बदलून श्रीकृष्णाच्या जागीं मांजराचें तोंड बसविलें, तेव्हां हिंदूंनीं निषेध केला आणि कंपनीस तें चित्र बदलावें लागलें.

१८९४ सालीं मुंबईंत निघून पुढें मळवलीस गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यानें देवांचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचविलीं. त्या परंपरेंतलें चित्र आपल्या भिंतीवर असतें तेव्हां तें पूजेचें असतें. तेंच परक्या बाजारांत गेलें कीं नुसता रंगीबेरंगी नमुना होतें. आमच्या मतें यांत द्वेषापेक्षां अज्ञान अधिक आहे. गीतेचा अकरावा अध्याय ज्यानें उघडला नाहीं त्यास त्या अनेक मुखांचा अर्थ कसा कळावा? येथेंहि प्रश्न तोच आहे. मुख कोणाचें, आणि तें बदलण्याचा अधिकार कोणास?

याच्या उलट एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाहीं. पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें बांगला देशाच्या निर्वासितांसाठीं मैफल झाली. तिच्या संग्रहावर एकाहि थोर कलावंताचें मुख नाहीं. रिकाम्या भांड्यापाशीं बसलेलें एक उपाशी मूल, इतकेंच. सर्व कलावंतांनीं आपलें मुख त्या बालकास दिलें. मुखचित्राचा याहून उदात्त उपयोग आमच्या पाहण्यांत नाहीं.

लहान होत गेलेलें चित्र

बारा इंची वेष्टनाचें क्षेत्रफळ १४४ चौरस इंच. १९८० नंतर ध्वनिफितींचा सुळसुळाट झाला. त्यांच्या डबीचा दर्शनी कागद चार गुणिले अडीच, म्हणजे १० चौरस इंच. त्यानंतरच्या चकतीचें वेष्टन सुमारें २२ चौरस इंच. आज मोबाइलवर गाण्याशेजारीं दिसणारें चित्र टपालाच्या तिकिटाएवढें. ध्वनिफितीनें गाणें स्वस्त केलें आणि ज्यांच्या आवाजास मोठ्या कंपन्यांत थारा नव्हता अशा लोकगायकांस बाजार मिळवून दिला, हा तिचा उपकार मान्य केला पाहिजे. पण चित्र लहान झालें त्याहून मोठी हानि म्हणजे वेष्टनाची पाठच नाहींशी झाली. तबला कोणाचा, सारंगी कोणाची, पद कोणाचें, चाल कोणाची, हें सारें पाठीवर असे. आज गाणें बोटाच्या टोकावर आहे आणि तें रचणाराचें नांव मात्र पुष्कळदां शोधून काढावें लागतें. म्हणजे ‘कामिनी’चा न्याय आतां कवि, वादक आणि चित्रकार या सर्वांस लागू झाला. मुखचित्र रंगविणाऱ्या आपल्या कलावंतांचीं नांवें तर वेष्टनांवरहि क्वचितच असत.

मुंबईंतील काळाघोड्याजवळचें ‘ऱ्हिदम हाउस’ हें १९४८ पासूनचें दुकान २०१६ सालीं बंद झालें. उलट अमेरिकेंत २०२२ सालीं तबकड्यांचा खप चकत्यांहून अधिक झाला. म्हणजे बारा इंची चित्राची ओढ मेलेली नाहीं.

घरचें कर्तव्य

गिरगांव, दादर, लालबाग येथील चाळींतून गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हजारों कुटुंबें मीरा-भाईंदरला आलीं. येतांना तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर तबकड्यांची पेटीहि आली. आतां त्या काळच्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. घर रिकामें करण्याच्या धांदलींत प्रथम बाहेर जातात तीं जुनीं पुस्तकें आणि तबकड्या. यंत्र बिघडलेलें, तबकडी कोणी ऐकत नाहीं, म्हणून रद्दीवाल्यास वजनावर देऊन टाकतात. आमची घरांतील वडील मंडळींस आणि सुनांलेकींस विनंति आहे कीं ती पेटी तशी देऊं नये.

वसईच्या खाडीची खारट, दमट हवा वेष्टनाच्या पुठ्ठ्यास बाधते. पावसाळ्यांत बुरशी धरते, चित्राचे थर सुटतात. तबकड्या पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या, आडव्या रचूं नयेत. ओल येणाऱ्या भिंतीपासून आणि थेट उन्हापासून त्या दूर असाव्या. बुरशी कोरड्या मऊ फडक्यानें पुसावी. ओलें फडकें लावूं नये. फाटलेल्या कडेस चिकटपट्टी लावूं नये, कारण कालांतरानें ती पिवळी पडून चित्रच उचलते. जुन्या लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात. त्या मुलांच्या हातीं एकट्या देऊं नयेत. प्रत्येक वेष्टनाचें पुढून आणि मागून छायाचित्र घेऊन ठेवावें. मोबाइलचा इतका तरी सदुपयोग होवो. तबकड्या द्यावयाच्याच झाल्या तर जाणत्या संग्राहकास द्याव्या. मुंबईंत १९९० सालीं या कामासाठीं ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्थाच निघाली.

आणि एक गोष्ट, जिला पैसाहि लागत नाहीं. घरांत एखादें जुनें गाणें लागलें असतां मुलांस विचारावें: गाणारें कोण? शब्द कोणाचे? चाल कोणी बांधली? तबला कोणाचा? वेष्टन हातीं असेल तर त्यांनींच तें पालथें करून वाचावें. नसेल तर आजोबांस, आजीस विचारावें. गाणें विसरलें तरी पुन्हां ऐकतां येतें. नांव एकदां पुसलें गेलें कीं तें सांगणारें माणूसहि फार काळ राहत नाहीं.